अकराव्या वहीतली कोरी जागा

आमच्या मॅक्रे काउंटीच्या कचेरीत लग्नांच्या एकशे चार वह्या आहेत आणि त्या सगळ्या मी खांद्यावरून वाहिल्या आहेत. तळघरात पाणी शिरलं की वर, माळ्यावरचं छप्पर गळायला लागलं की खाली. शिक्षण म्हणाल तर डोंगरातल्या एका खोलीच्या शाळेत आठवीपर्यंत, आणि त्यातलं दीड वर्ष मास्तरीणबाई बाळंतपणाला गेलेल्या. पण कचेरीत बत्तीस वर्षं उबेची भट्टी पेटवली, फरशा पुसल्या. कोणाचं कोणाशी लागलं आणि कोणाचं लागता लागता राहिलं, हे मला कारकुनांपेक्षा जास्त ठाऊक. म्हणून ऑर्फा टॅकेटची हकीकत मीच लिहायची. दुसरं आता उरलंय कोण?

ऑर्फा लग्नांच्या खोलीत बसायची. त्या वह्या सगळ्यांसाठी उघड्या; कोणीही यावं, मागावी, बघावी. ओहायोहून, मिशिगनहून माणसं यायची आपल्या आजा-पणजांची लग्नं शोधत. आजोबा इथून पोटासाठी गाव सोडून गेलेले, नातवाला आता मुळं हवीत. एकदा एक टायवाला आला. म्हणाला, माझे पणजोबा कर्नल होते, त्यांचं लग्न काढा. ऑर्फानं काढलं. मग दुसरं काढलं. मग त्याच वर्षातलं तिसरं काढलं. चष्म्यावरून बघत म्हणाली, "साहेब, कर्नल होते की नाही ते या वहीत नाही. पण धाडसी होते, एवढं लिहून देते."

शोधायची तिची रीत वेगळी. बोटाला थुंकी कधी लावायची नाही. नखाची पाठ ओळींवरून खाली सरकवत न्यायची आणि नावं पुटपुटायची. मी बादली आपटली की म्हणायची, "बर्ल, हळू. ऐकताहेत."

"कोण ऐकतंय? सगळे मेलेत."

"म्हणूनच. त्यांना दुसरं काम काय?"

मी हसायचो. पण त्या खोलीत एकटा पुसायला गेलो की, खोटं कशाला सांगू, मीही नावं घेत घेतच पुसायचो.

रोज साडेचारला कुलूप लावायच्या आधी ती अकरावी वही काढायची, एकच पान उघडायची, बघायची आणि मिटायची. मला वाटलं, प्रार्थना असेल. तीन-चार वर्षांनी धीर करून विचारलं, तेव्हा तिनं वही माझ्याकडे फिरवली.

आमच्याकडे लग्नाच्या पानाचे तीन भाग असतात. वर जामीन: कोणीतरी सही करून सांगतो की या लग्नाला काही आडकाठी नाही. मध्ये परवाना. खाली दाखला: लग्न लावून पाद्र्यानं कागदावर सही करायची आणि तो कागद, जिथून परवाना निघाला त्याच कचेरीत परत आणून द्यायचा. मग कारकून तो तिसरा भाग भरतो. त्या पानावर वर लिहिलं होतं, मार्च १९३८. क्लेल टॅकेट आणि लोव्हिना स्टेपल्टन. जामीन, एस्टिल टॅकेट. परवाना नीट. आणि खालचा भाग कोरा. शाईचा ठिपकासुद्धा नाही.

"आईबाप माझे," ऑर्फा म्हणाली. "कामावर लागले त्या पहिल्याच आठवड्यात सापडलं. न सापडतं तर बरं होतं."

तिचे वडील क्लेल १९४३ साली कोळशाच्या खाणीत गेले. टॅकेटांच्या टेकडीवर, टॅकेटांच्या कुंपणात त्यांना पुरलं. १९४९ च्या शरदात आई गेली, तेव्हा ऑर्फा नऊ वर्षांची. तिचा काका एस्टिल तेव्हा घरातला कर्ता. तो कुंपणाच्या फाटकात उभा राहिला आणि म्हणाला, आत फक्त रक्ताचे आणि लग्नाचे. लोव्हिना आमच्या घरी राहिली, आमच्यात जेवली, पण लग्न झालेलं मी पाहिलं नाही. कचेरीतला पुरा कागद दाखवा, हे कुंपण मी माझ्या हातांनी काढेन. मग तिला कुंपणाबाहेर पुरलं. नवऱ्यापासून चार हातांवर, मध्ये तार. दरवर्षी मे महिन्यात थडगी सजवायच्या रविवारी आम्ही सगळे फुलं आणि सफरचंदाचे थरांचे केक घेऊन टेकडीवर जायचो. ऑर्फा तारेच्या बाहेर बसून जेवायची. "आत ये गं," म्हटलं तर म्हणायची, "पाहुणी आहे मी."

आई जिवंत असताना तिला एवढंच सांगायची, आमचं लग्न नदीवर लागलं. पूर होता. पाद्री त्या काठाला, आम्ही या काठाला.

आता नदीचं निघालंच आहे तर एक सांगून टाकतो. स्लेट नदीच्या उतारावर, जिथून गाड्या पाणी ओलांडायच्या तिथं, लोव्हिना गेली त्याच हिवाळ्यापासून लोकांना काहीतरी दिसायला लागलं होतं. संध्याकाळच्या धुक्यात पांढरं काहीतरी. वर जायचं, खाली यायचं, पुन्हा वर, पुन्हा खाली. मग नाही. लोक म्हणायचे, उतारावरची बाई बुडवायला बोलावते. म्हाताऱ्यांनी तिकडून गाडी नेणं सोडलं. १९५७ मध्ये मी गाय हुडकत तिकडे गेलो आणि पाहिलं. दोनदा वर, दोनदा खाली. माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, हात पोचेल तेवढंच वर-खाली. गाय तिथंच टाकून मी घरी आलो. ती दुसऱ्या दिवशी आपली आपण आली. आम्हा दोघांत तीच शूर. ही गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल, ऑर्फासमोर मात्र एकदाच. ती उठून गेली.

तर ते पान सापडल्यावर ऑर्फा तडक काकाकडे गेली होती. "काका, जामीन म्हणून तुमची सही आहे. तुम्हीच लिहून दिलंय."

एस्टिल म्हणाला, "आडकाठी नाही एवढं लिहून दिलंय. झालं म्हणून नाही दिलं."

असा माणूस. वाईट नव्हता, बरं का. शेजाऱ्याच्या शेतातलं कणीस पायाखाली आलं तर उचलून कुंपणावर ठेवणारा. पण डोळ्यांनी पाहिलं नाही ते बोलायचं नाही, हा त्याचा धर्म.

आणि ऑर्फाच्या हातात कचेरीची शाई होती. जुनी निबंही होती. कोऱ्या जागेत दोन ओळी लिहायला दोन मिनिटं पुरली असती. एकदा मी म्हटलंही, "अगं, लिही की. कोण बघतंय?"

तिनं वह्यांच्या भिंतीकडे मान वळवली. "एवढे सगळे."

छत्तीस वर्षं ती ते पान बघत राहिली. नदीपलीकडे टर्ली काउंटीची कचेरी दिसते इतकी जवळ, पण तिकडे शोधायचं तिच्या मनात आलं नाही, माझ्या नाही, कोणाच्याच नाही. परवाना इथला, तर दाखला इथंच यायला हवा. भट्टी पेटवणाऱ्यालाही कळतं ते.

१९९८ मध्ये टर्लीवाल्यांनी नवी इमारत बांधली आणि माळ्यावरचे जुने कागद खाली काढले. त्यांच्या नव्या पोरींना जुनं वळणदार अक्षर वाचता येईना, म्हणून त्यांनी ऑर्फाला बोलावलं. पेट्या उचलायला मी. फितीनं बांधलेलं एक गाठोडं होतं, त्यावर कोणीतरी लिहिलं होतं, "कोणत्याच वहीत न बसणारे कागद." ऑर्फा एकेक उलटत होती आणि पुटपुटत होती. मग पुटपुटणं थांबलं. मी वळून बघितलं तर तिचा हात कागदावर सपाट ठेवलेला, जणू तो उडून जाईल.

"बर्ल, तू वाच. मला वाचवत नाही."

मी अडखळत वाचलं. तो कागद मला आजही पाठ आहे:

"मी, अ‍ॅबसलम डील, पाद्री, आज सोळा मार्च रोजी नदीच्या या काठावर उभं राहून पलीकडच्या काठावरच्या क्लेल टॅकेट आणि लोव्हिना स्टेपल्टन यांचं लग्न लावलं. पाणी फार मोठं होतं. पुरुषाचा होकार कानांनी ऐकला. बाईचा आवाज पोचेना. मी ओरडून सांगितलं, कबूल असेल तर डोक्याचा रुमाल काढून दोनदा वर कर. तिनं केला. मी डोळ्यांनी पाहिला. हा कागद मी माझ्या काठाच्या कचेरीत देत आहे, कारण त्या काठावर मी गेलोच नाही, आणि गेलो असं दाखवलं तर ते खोटं होईल."

 पोरींना काही कळलं नव्हतं. माझ्या मानेवरचे केस मात्र उभे राहिले होते. दोनदा वर, दोनदा खाली. बुडवायला बोलावत नव्हती हो ती. पन्नास वर्षं ती आपला होकार देत उभी होती आणि आम्ही गायी टाकून पळत होतो.

पुढं चौकशी केली तेव्हा कळलं, डीलला त्या दिवशी पावसात भिजून ताप भरला आणि पूर ओसरायच्या आत तो गेला. परवान्यावर सही करायला माणूसच उरला नाही.

त्याच दिवशी आम्ही एस्टिलकडे गेलो. त्र्याऐंशी वर्षांचा, ओसरीवर खुर्चीत, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजेड-अंधार तेवढा कळायचा.

"काका, मी ऑर्फा."

"कळलं. आणि बरोबर बर्ल. भाड्याच्या घोड्यासारखा पाय ओढतो, लांबून ऐकू येतो. बस रे. ताक प्यायचं असेल तर स्वतः आण."

"कागद आणलाय," ऑर्फा म्हणाली.

"पोरी, आता नको. मी म्हातारा झालो."

"मीही झाले. ऐका."

तिनं वाचून दाखवलं.  एस्टिल ऐकत राहिला. रुमालापाशी आल्यावर त्याचे हात खुर्चीच्या दांड्यावर थांबले.

"पुन्हा वाच. रुमालाचं."

तिनं वाचलं.

"खेचर," तो म्हणाला.  "माझ्या हातात खेचर होतं. पाण्याला बुजलं आणि दावं तोडून वर पळालं. मी त्याच्या मागं. क्लेलचं 'हो' मी ऐकलं होतं. मग पाद्री काहीतरी ओरडला ते ऐकलं, पण माझी पाठ होती तिकडे. परत आलो तर दोघं हसत होती. मी विचारलं, ही हो म्हणाली का? क्लेल म्हणाला, म्हणाली की! पण तिनं तोंड उघडलेलं मी ऐकलं नव्हतं, ऑर्फा. पुढं क्लेल गेला. आणि मग ती गेली तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी खोटं कसं बोलू?"

"तिलाच विचारायचं होतंत. जिवंत होती अकरा वर्षं. तुमच्या ताटात वाढत होती."

  एक पाद्री, एक दीर. दोघं एका शब्दानंही खोटं न बोलणारे. दोन खऱ्या माणसांनी मिळून एका बाईला कुंपणाबाहेर ठेवलं.

शेवटी एस्टिल म्हणाला, "मला उतारावर न्या."

"काका, तुम्हाला दिसत नाही. आणि धुकं आहे."

"न्या म्हणतो ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गाडीतून नेलं. धुकं इतकं की पाणी नुसतं ऐकू येत होतं. त्याला धरून काठावर उभं केलं. ऑर्फा एका बाजूला, मी एका बाजूला. मला काही दिसलं नाही. ऑर्फालाही नाही, तिनं नंतर शपथेवर सांगितलं. एस्टिलनं मात्र त्या पांढऱ्या डोळ्यांनी समोर बघितलं आणि टोपी काढली.

"केला," तो म्हणाला. "एकदा." थोडं थांबला. "दोनदा. झालं. आता पाहिलं मी."

ऑर्फानं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही. धैर्य झालं नाही.

गाडीत बसताना तो म्हणाला, "हातोडा माझ्याकडे आहे. पक्कड बर्ल आणेल. चांगली आण, मागच्या वेळी दिलीस ती माझ्याहून म्हातारी होती."

मे महिन्याच्या त्या रविवारी सगळं गाव टेकडीवर. एस्टिल गुडघ्यांवर बसून हातानं चाचपत खिळे काढत होता. मदत कोणाची घेतली नाही. शब्द दिला होता, माझ्या हातांनी काढेन. तार गुंडाळून झाली, खांब एकेक करून निघाले. लोव्हिनाच्या उशाशी असलेला खांब तेवढा निघेना. आमच्याकडे टणक लाकडाचे खांब कधी कधी ओले पुरले तर मूळ धरतात. त्यानं धरलं होतं. बुडाशी पालवी होती. मी कुऱ्हाड उचलली तर ऑर्फा म्हणाली, "राहू दे. तो इतकी वर्षं तिच्याजवळ बसलाय." आज त्याचं झाड झालंय.

कचेरीतला मोठा कारकून म्हणाला, आता ती कोरी जागा भरून टाकू. ऑर्फानं भरू दिली नाही. त्या जागेच्या खाली, अगदी बारीक अक्षरात, तिनं एवढंच लिहिलं: "नदीपलीकडे पाहावे." आणि त्या दिवसापासून साडेचारला वही काढायची थांबली.

एस्टिल त्याच हिवाळ्यात गेला. ऑर्फा २००९ साली. ती आईबापांच्या मध्ये आहे; जागा सोडलीच होती, जिथून तार जात होती तिथं.

उतारावर आता कोणाला काही दिसत नाही. नवी पोरं तिथं मासे धरतात. मला, खरं सांगतो, थोडं चुकल्यासारखं वाटतं. कधी संध्याकाळी मी काठी टेकत जातो, आणि निघताना टोपी काढून दोनदा वर करतो. तिनं दिलेला होकार कोणीतरी चालू ठेवावा, म्हणून. नातवंडं हसतात.

गेल्या नोव्हेंबरात धुकं होतं. मी टोपी वर केली. पलीकडच्या काठावर पाद्र्यासारख्या काळ्या कोटातलं कोणीतरी उभं होतं, त्यानं सावकाश मान डोलावली. बरोबरचा नातू म्हणाला, आजोबा, खांब असेल.

असेल. पण त्या काठावर खांब नाहीत. मी दुसऱ्या दिवशी उजेडात जाऊन बघून आलो.