बत्तीस घरांची पाळी

९ डिसेंबर, मंगळवार. आजचं काम: शनवारा वेशीजवळच्या आमच्या गल्लीत इंटरनेटची पाळी कोण मोडतंय ते शोधणं.

गल्लीत इंटरनेट मी देते. दुकानातून एकच फायबर निघते आणि खांबावरच्या डबीत तिला बत्तीस फाटे फुटतात. घरातून काही पाठवायचं तर दुकानातलं मुख्य यंत्र प्रत्येक घरच्या इंटरनेटच्या डब्याला पाळी देतं; फायबरमधून संदेश उजेडानं जातो. ज्याचं जास्त, त्याला जास्त वेळ. जो गप्प, त्याचा वेळ दुसऱ्याला. त्यामुळे एका तारेत सगळ्यांचं भागतं. पण एखादा डबा बिघडून पाळी नसताना उजेड सोडत बसला, की बाकीच्यांचं काही पोचत नाही.

कालपासून तेच चाललं होतं. गल्लीत कापडाचे लूम चालवणाऱ्यांनी गुन्हेगार ठरवूनही टाकला. दिवसभर सिनेमे बघणारा कोपऱ्यावरचा भाडेकरू. त्याचं कनेक्शन कापा म्हणाले. मी सांगितलं, तो जास्त वापरतो, पण पाळीत वापरतो. कुणाला पटलं नाही. पुष्कळ घेणारा डोळ्यांवर येतो. मध्येच घुसणारा दिसत नाही.

मी शिडी लावली आणि एकेक फाटा काढून परत जोडत गेले. खाली समोरच्या विणकराची मुलगी मोबाइल धरून, घरचं वाय-फाय लागतंय का ते बघत उभी होती. उद्या दहाला तिची नोकरीची मुलाखत होती, घरूनच द्यायची. मोबाइलचं नेटवर्क त्यांच्या घरात लागत नाही.

एकतीस फाटे झाले. काही फरक नाही. मी उतरायला लागले.

"मावशी, तुमचा राहिला ना?"

"माझा चांगला आहे."

"चेक तर करा. सबका किया ना?"

राग आला, पण वर गेले. माझा फाटा काढला आणि दोन मिनिटांत तिच्या घरातल्या डब्यावरचा लाल दिवा दारातून हिरवा झालेला दिसला. ती हसली नाही, हे तिचं चांगलं.

घरी जाऊन डब्याला हात लावला तर चटका बसला. त्यावर मी शिवलेलं झाकण होतं. इथे टीव्ही, फ्रिज, मिक्सर, सगळ्याला लूमच्या कापडाचं झाकण घालतात. दिवाळीत मी प्रत्येक कनेक्शनमागे एकेक वाटलंही होतं, झालरीसकट. धूळ बसू नये म्हणून. डबा आतल्या आत तापून बिघडला होता. बाकीचेही असेच बिघडणार होते; माझा पहिला, एवढंच.

भाडेकरूकडे जाऊन चूक माझ्या घरची होती, असं सांगितलं. तो म्हणाला, ताई, एक पिक्चर अर्धा राहिला होता.

१० डिसेंबर, बुधवार. झाकणं परत घ्यायला सकाळी सातला पिशवी घेऊन निघाले. पहिलं झाकण विणकराच्या घरचं काढलं, डबा अजून गार होता. दहाच्या आत, मुलीची मुलाखत सुरू व्हायच्या आधी, एकतीस घरं झाली. मग दुकानात बसून झालरी उसवल्या आणि कापडाची फडकी केली.