एंगेज सांगणाऱ्या बोर्डबाई

बोर्डबाईंना माणसाचा चेहरा लक्षात राहत नसे. सीताबर्डीच्या बाजारात समोरून आलात तरी त्या सरळ पुढे निघून जायच्या. पण तुम्ही नुसतं "काय बाई" म्हटलं, की वळून नावानिशी घरच्यांची चौकशी करायच्या. आमच्या कापडगिरणीच्या कचेरीत टेलिफोनच्या बोर्डावर त्या चौदा वर्षं बसल्या होत्या. नाव बदलून बोलणाऱ्याला तर त्या "हॅलो"वरच पकडत.

मी तिथे टायपिस्ट म्हणून नवीच लागले होते. मला बघून गेलेल्या एका गृहस्थाला आम्ही नकार कळवला, तर हा बाबा रोज कचेरीत फोन करू लागला. हेडक्लार्क मिशीत हसायचे. घरी कळलं असतं तर माझी नोकरी सुटली असती. दोष पोरीलाच देतात ना! रडकुंडीला येऊन मी बाईंना सगळं सांगायला गेले, तर त्यांनी हात वर केला.

"तुले बोलायचं हाय का नाही, एवढंच सांग वं. काहून, ते नको सांगू."

"नाही."

"झालं मंग."

दुसऱ्या दिवसापासून त्याला लाइन एंगेज. तीही इतक्या गोड आवाजात, की तो उलट आभार मानायचा. "त्याले मालूम पडलं का आपण बंद केलं, तर गेटावर येऊन उभा राहीन," असं बाईंचं म्हणणं. त्यानं बँकेचा साहेब होऊन पाहिलं, बहिणीला बोलायला लावलं. काही चाललं नाही. मात्र साहेबांनी एका युनियनवाल्याला येणारे फोन अडवायला सांगितले, तेव्हा "ज्याचा फोन त्यानं सांगावं," म्हणून बाई मोकळ्या झाल्या.

एका दुपारी डबा घेऊन मी बोर्डाच्या खोलीत गेले. बोर्डावरचा दिवा लागला, बाईंनी फोन घेतला आणि नुसत्या ऐकत राहिल्या. त्यांच्या कानातल्या शिव्या मला दारापर्यंत ऐकू येत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "कोणाले जोडून देऊ?"

तो त्यांचा नवरा होता. त्याला सोडून सात वर्षं झाली होती.

"ठेवून द्या ना बाई. काहून ऐकता?"

"ठेवला का तो साहेबाले तक्रार करते, ऑपरेटर फोन कापते म्हणून. दोन मेमो झाले. बोर्डावर बसलं का सगळ्याइचे फोन घ्याच लागते. नोकरी गेली तर खाऊ काय मी?"

पुढे त्यांनी आवक-जावकच्या टेबलावर बदली मागितली. साहेबांनी हॉलमध्ये येऊन विचारलं, "बोर्डावर कोण बसतं?" मला बोर्ड येत होता, बाईंनीच हौसेनं शिकवला होता. पण तिथे बसले असते तर माझा तो माणूस थेट माझ्याच कानात आला असता. मी मान खाली घालून टाइप करत राहिले. त्याची लाज मला अजून वाटते.

दुसरं कोणी पुढे आलं नाही, बदली राहिली. तिसऱ्या मेमोनंतर बाईंनी राजीनामा दिला आणि सावनेरकडच्या एका खेड्यात मावसबहिणीच्या शेतावर निंदणी-खुरपणी करायला गेल्या. तिथे फोन नव्हता.

जायच्या दिवशी त्या आपली पाळी संपल्यावरही थांबल्या होत्या, हे मला बोर्डावरच्या नव्या मुलीनं नंतर सांगितलं. माझ्या त्या माणसाचा फोन आला, तेव्हा बाईंनी कानावरचं यंत्र काढून तिच्या कानाला लावलं. "हा आवाज ध्यानात ठेव वं. याले एंगेजच सांगजो."

त्याला माझी लाइन पुढे कधीच लागली नाही. सावनेर एस.टी.नं तासाभरावर. मी बाईंना भेटायला एकदाही गेले नाही. कोणत्या तोंडानं जाणार होते?