अर्जाला जोडलेलं बक्षीसपत्र

बानूआपाला माणूस ओळखायला वेळ लागत नसे, आणि ओळखल्यावर ती ते लपवायचीही नाही. शहरबानू तिचं पूर्ण नाव. नवरा गेल्यावर दापोलीकडच्या गावातून कुवेतला आली, सव्वीस वर्षं एका दवाखान्यात रुग्णांची अंगं पुसली, त्यांच्या कुशी बदलल्या, आणि अब्बासियातल्या तीन बायकांच्या खोलीत एका खाटेवर संसार मांडला. गावच्या जमातीने मदतफंड काढला तेव्हा अर्ज तपासायला तिलाच बसवलं, कारण तिला गप्प करणं कुणाच्या बापाला जमलेलं नव्हतं.

फंडाचं काम साधं. गावी अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या नावावर काहीच नसेल, तर त्याला सांभाळणाऱ्या बाईचा पगार कुवेतची मंडळी वर्गणीतून भरणार. वर एक अट: गेल्या पाच वर्षांत त्या माणसाने काही विकलेलं किंवा लिहून दिलेलं नसावं. नाहीतर आज जमीन मुलाच्या नावावर करायची आणि उद्या हात पसरायचे, असली सोंगं आपल्या लोकांना शिकवावी लागत नाहीत.

त्या शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर फंडाची मंडळी जमली, आणि अर्ज आला काशिफचा. आता हा काशिफ कोण, तर अर्दियात गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान, महबूल्यात समुद्र दिसणारा फ्लॅट, आणि बोटात बोराएवढ्या खड्याची अंगठी. त्याची आई हुरमतखाला अर्धांगाने गावी पडलेली. "आईच्या नावावर काहीही नाही," असं त्याने अर्जात लिहिलं होतं, आणि पुरावा म्हणून आपल्याच हाताने बक्षीसपत्राची नक्कल जोडली होती. दोन महिन्यांपूर्वीची. राहतं दुमजली घर आईने मुलाला दिलं, आणि खाली आईचा अंगठा.

बानूआपाने कागद दोनदा वाचला. एवढा मोठा व्यापारी, आणि आपली लबाडी आपणच झेरॉक्स काढून आणून देतो. असल्या अकलेचा तिला रागसुद्धा येईना, नुसती किळस आली.

"पाच वर्षांची अट वाचलीस काय रे?"

"वाचली की. मीच घालायला लावली होती," काशिफ म्हणाला. खरं होतं. गेल्या साली जमातीतल्याच तौफीकच्या बापाचा अर्ज यानेच त्या अटीवर उडवला होता, आणि तौफीक आता समोर बसून ऐकत होता. "पण आपा, ती अट परक्याला दिलं तर. मी पोटचा मुलगा आहे. आणि हा हिबा आहे, आईने खुशीने दिलेली देणगी. सवाबाचं काम."

सवाब म्हणे, पुण्य! या लोकांची जीभ कशी झडत नाही, असं बानूआपाला वाटलं. पण अडचण वेगळीच होती. आईला सांभाळणारी बाई महिनाअखेर काम सोडणार होती, कारण काशिफने दोन महिने तिला काही धाडलंच नव्हतं. अर्ज फेटाळला तर याच्या केसालाही धक्का लागणार नव्हता. पाठीला जखमा व्हायच्या त्या हुरमतखालाच्या. तसल्या जखमा बानूआपाने इतक्या धुतल्या होत्या की त्यांचा वास तिला बसल्या जागी यायला लागला.

तिने सगळ्यांसमोर व्हिडिओ कॉल लावला. गावी त्या बाईने फोन म्हातारीच्या तोंडापुढे धरला.

"खाला, घर तू काशिफला दिलंस. पण आपल्या शाफई मजहबाच्या कायद्यात आईने मुलाला दिलेलं परत घेता येतं. तू नुसतं हो म्हण, पुढचं मी बघते. वरचा मजला भाड्याने दिला की बाईचा पगार सुटतो. कुणाच्या तोंडाकडे बघायला नको."

काशिफ अंगठी फिरवत बसला. हुरमतखालाचं अर्धं तोंड वाकडं झालेलं, पण डोकं शाबूत होतं.

"नको गो बानू," ती म्हणाली. "मीपण असंच केलेलं. याच घरासाठी सासूचा अंगठा मीच धरून कागदावर टेकवला होता."

काशिफला तरतरी आली. "ऐकलंत ना? तिचीच मर्जी आहे. करा सही."

मायलेक दोघंही एकाच माळेचे मणी, जाऊ देत खड्ड्यात, असं बानूआपाच्या मनात आलं. ती फोन ठेवणारच होती.

"पण अकरा वर्षं तिला पेज मी भरवली," म्हातारी जड जिभेने बोलत होती. "तिचं हगणंमुतणं मी काढलं. घर घेतलं, तर तेवढं केलं. याला विचार, हा येतो काय?"

बानूआपाने फोन काशिफकडे वळवला.

"दुकान कोण बघणार?" काशिफ म्हणाला. तेही आईला नाही, बानूआपाला.

तिने अर्जावर 'नामंजूर' लिहिलं, खाली सही केली आणि फोन त्याच्या हातात दिला.

"मला काय सांगतोस? तिला सांग."

पडद्यावर म्हातारी वाट बघत होती. काशिफने तिच्याकडे न बघताच कॉल कापला.