थोरल्या बहिणीची भूमिका

नंदाखालच्या आमच्या नाट्यमंडळानं त्या वर्षी एक जुनं रशियन नाटक बसवायला घेतलं. आडगावात राहणाऱ्या बहिणींची गोष्ट. राजधानीत परत जायचं, जायचं म्हणता म्हणता त्यांचं आयुष्य तिथंच सरतं. दिग्दर्शन माझ्याकडे होतं.

पहिल्याच वाचनाला धाकटीचं काम करणारी तुळिंजची मुलगी अडली. ती रोज अंधेरीला नोकरीला जायची.

"मॅडम, जायचं तर जायचं ना! तिकीट काढायचं, बसायचं. यांचा प्रॉब्लेम काय आहे?"

मी तो काळ, ती परिस्थिती असं बरंच सांगत बसले. तिला पटलं नाही. खरं तर माझं मलाही पटत नव्हतं.

थोरलीचं काम करणाऱ्या बाई पाचूबंदरच्या. नुकत्याच निवृत्त झालेल्या नर्स, लग्न न केलेल्या. रंगमंचावर पहिल्यांदाच येत होत्या. त्यांनी हातातली संहिता मिटली.

"मला कुवेतला नोकरी लागली होती," त्या मुलीला म्हणाल्या. "व्हिसा हातात होता. तेवढ्यात बाबा गेले. आई म्हणाली, चर्चमध्ये त्यांचा वर्षाचा मिस्सा होऊ दे, मग जा. मग भावाचं लग्न ठरलं. मग आईचे गुडघे गेले. 'जाऊ नकोस' असं मला कोणी म्हणालं नाही बघ. एकदाही नाही."

त्या दिवसापासून ती मुलगी तालमीत त्यांच्याशेजारीच बसू लागली.

प्रयोग चर्चच्या सभागृहात झाला. बाईंच्या आईला ऐकू कमी येतं म्हणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. शेवटच्या अंकात थोरली खिडकीशी उभी राहून म्हणते, "आपण जायला हवं होतं." तालमीत हे वाक्य त्यांच्या ओठांतच राहायचं. त्या दिवशी ते स्वच्छ ऐकू आलं. आणि समोरून आईचा आवाज आला, जन्मभर मासळीच्या लिलावात कमावलेला.

"मग जायचं होतं ना बाय! कोनी अडवलेलं तुला?"

सभागृह हसलं. बाई आईकडे बघत राहिल्या. हसू ओसरलं तरी त्या बोलेनात. तेव्हा धाकटी उठली. नाटकात तसं नव्हतं. तिनं जाऊन त्यांचा हात धरला. मग बाईंनी पुढचं वाक्य म्हटलं आणि नाटक शेवटपर्यंत गेलं.

नंतर मी मेकअपच्या खोलीत गेले. "तुम्हाला लागलं असेल ते," मी कशीबशी म्हणाले.

केसांतल्या पिना काढता काढता त्या थांबल्या. "तिला खरंच आठवत नाही गं. इतकी वर्षं मला वाटायचं, हिला सगळं ठाऊक आहे, फक्त बोलत नाही. मी तेवढ्यावरच तर राहिले."

मग पिना पर्समध्ये टाकून त्या उठल्या. "निघते. तिला भूक लागली असेल."

फाटकाशी रिक्षा उभी होती. त्यांनी आईला धरून आत बसवलं, तिचा लोंबणारा पदर आत घेतला आणि दुसऱ्या बाजूनं जाऊन बसल्या.