चढावरचे थांबे

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी महिन्याच्या सामानाची यादी करत होते. तिचा मुलगा तानाजी एवढंच म्हणाला, "ताई, आई दुपारी जेवून पडली ती उठलीच न्हाय." मी सवयीने कागद उलटा केला आणि लिहायला लागले : कुणाकुणाला कळवायचं, गाडी कोण काढणार, किती जण. कागद भरला तेव्हा कुठे रडू आलं... त्याला आता सहा आठवडे झाले.

आत्याचं गाव शाहूवाडी तालुक्यात. एसटीतून उतरलं की घरापर्यंत सरळ चढ. त्या चढावर आत्या दारोदार थांबायची. सुतारांच्या ओट्यावर, हमीदाभाभींच्या पायरीवर, डेअरीच्या कट्ट्यावर. म्हैस व्याली का, सून माहेराहून आली का... दहा मिनिटांच्या वाटेला तास लागे. आम्ही तिच्या बोलकेपणाची चेष्टा करायचो. मी तर तिच्यासोबत जायचं असलं की एक तास जास्तीचा धरूनच निघायचे.

मग एकदा ती शहरात, राजारामपुरीत माझ्याकडे मुक्कामाला आली. सकाळी चहा घेऊन गेले, तर तीन उशा भिंतीला लावून ती बसल्या बसल्याच झोपलेली. आडवं झालं की जीव घाबरा होतो, म्हणाली. कधीपासून? झाली की दोन वर्षं. आणि तो चढ... विचारता विचारताच माझ्या लक्षात आलं. ती हसली. "दम लागला म्हणून थांबले म्हटलं की लोक घाबरत्यात. बोलत थांबलं की कोण इचारत न्हाय." सगळ्या घराच्या नोंदी ठेवणारी मी, आणि एवढं माझ्या नजरेतून सुटलं होतं.

दुसऱ्याच दिवशी तिला तपासायला नेलं. हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती, रक्त मागे फिरत होतं. छाती उघडायची गरज नाही, उजवीकडे बरगड्यांमधून लहानशी चीर देऊन झडप दुरुस्त करता येईल, पण फार थांबू नका, असं डॉक्टर म्हणाले. तानाजी घाबरला, पुढच्या वर्षी बघू म्हणाला. आत्याने डॉक्टरांना एकच विचारलं, नवी घालणार की आहे तीच शिवणार? शिवणार म्हटल्यावर ती तानाजीकडे वळली. "वाकळ फाटली तर मी टाकून देते व्हय रं? शिवू दे की त्यास्नी."

ऑपरेशननंतर महिनाभर ती माझ्याकडे होती. मी फ्रिजवर यादी लावली : गोळ्या, चालणं, श्वासाचे व्यायाम, काय उचलायचं नाही. तिने त्या यादीकडे फारसं पाहिलं नाही. तिची खूण वेगळी होती. एक दिवस तिने एक उशी मला परत आणून दिली, काही दिवसांनी दुसरी. आणि एका सकाळी ती एकाच उशीवर, कुशीवर वळून गाढ झोपलेली दिसली. मी चहा तसाच परत नेला.

गावी सोडायला गेले तेव्हा ती सावकाश, पण कुठेही न थांबता चढ चढली. धापा मी टाकत होते. आठवड्याभरात हमीदाभाभींचा फोन. "तुमची आत्या लई शिष्ट झालीया. आपरेशन काळजाचं केलं का मानंचं? वळून बी बघत न्हाय." मी हे आत्याला सांगितलं, तर ती हसून हसून बेजार. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दारोदार थांबे सुरू. फरक एवढाच, की आता ती टेकायला थांबत नव्हती. कुणाचे तांदूळ निवडून दे, कुणाचं पोर घे. त्या पावसाळ्यात नाही, पण पुढच्या वर्षी ती भातलावणीलाही उतरली. अशी चार वर्षं मिळाली आम्हाला. त्या छोट्या चिरेचे, त्या हातांचे उपकार मी विसरणार नाही.

तेराव्याला गाडी खाली लावून मी हातात यादी घेऊन चढ चढू लागले. हमीदाभाभींच्या पायरीवर आत्याने शिवलेला वाकळेचा चौकोनी तुकडा होता, तिच्या बसायचा. भाभींनी तो झटकून पुन्हा अंथरला. "बसा की जरा."

मला दम लागला नव्हता. तरी बसले. पुढे डेअरीच्या कट्ट्यावरही बसले. वर पोचायला मला तास लागला.