मॅडमसाठी मांडलेली गरिबी

जाहिरातीत बिस्किटानं कोणत्या कुशीवर झोपावं, हे ठरवायचा मला पगार मिळतो. या कामाला आर्ट डायरेक्टर म्हणतात.

मुंबईत हा पगार घरभाडं भरताच धारातीर्थी पडायचा. मग ऑफिसनं घरून काम करायची मुभा दिली आणि मी संभाजीनगरला आई-अण्णांकडे परतले. इथं त्याच पगारानं असं बाळसं धरलं, की घरावर मजला चढला, दारात गाडी आली आणि अण्णांनी चितेगावला प्लॉटही घेतला. (पैसे माझे. प्लॉट मी अजून पाहिलेला नाही!)

एवढ्यात ऑफिसनं नियम काढला: ज्या गावात राहता, तिथल्या खर्चाप्रमाणे पगार. कुणाचा किती कापायचा, ते आमच्या नंदिता मॅडम ठरवणार. आणि त्यांचाच फोन आला, "वेरूळ बघायला येतेय. जेवायला तुझ्याकडेच!"

मी घरात आणीबाणी जाहीर केली.

"आई, फक्त पिठलं-भाकरी. अण्णा, त्यांनी विचारलं तर म्हणायचं, महागाई लई हाय, भागत नाय."

"व्हय, व्हय," अण्णा म्हणाले.

"मुंबईची पाहुणी अन् पिठलं?" आई कडाडली. "लोकं तोंडात शेण घालतील!"

"अगं, पगार कापतील माझा!"

"कापू दे. नाक तर राहील!"

शेवटी कसंबसं पिठल्यावर ठरलं. मी गाडी शेजाऱ्यांच्या दारात लावली. नव्या सोफ्यावर विटकी सतरंजी टाकली, भिंतीवर जुनं कॅलेंडर टांगलं. गरिबी अशी मांडली, की माझं मलाच भरून आलं. एवढं चांगलं काम मी ऑफिससाठी कधी केलेलं नाही!

मॅडम जेवायला बसल्या. ताटात पिठलं होतं. त्याच्याभोवती पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, कुरडया आणि तुपानं भरलेली वाटी.

"पिठलं केलंय की!" आई माझ्या कानात म्हणाली.

"गोड मानून घ्या मॅडम, गरिबाघरचं," मी घाईघाईनं म्हणाले.

अण्णांचा घास हातातच राहिला. "गरीब? पोरगी लाजायलीय, मॅडम! एकटीच्या पगारावर तिनं वरचा मजला चढवला. चला, दाखवतो!"

"अण्णा, महागाई!"

"कशाची महागाई?" म्हणत अण्णा त्यांना गच्चीवर घेऊनही गेले. "ती शेजाऱ्याच्या दारातली गाडी दिसती ना? आमचीच हाय!"

त्यांच्या आवाजात इतका अभिमान होता, की मला रागावताही येईना. मी डोळे पुसले. (थोडे पगाराच्या आठवणीनंही.)

निघताना आईनं मॅडमची ओटी भरून पैठणी दिली. माझ्या कपाटातली!

लवकरच माझा पगार 'गावाप्रमाणे' झाला. आणि मॅडम? त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आल्या. कागदावर अजून मुंबईतच आहेत, म्हणून पगारही मुंबईचाच.

"निदान भाडं तरी घेऊ," मी आईला म्हणाले.

"पाहुणीकडून भाडं? काय बोलायलीस!"

काल मॅडम जिन्यातून ओरडल्या, "खरंच गं, इथं पगार लई पुरतो!" त्यांच्यासाठी पुरणपोळीचं ताट वर चाललं होतं. मी त्या दिवशी पिठलं मागितलं होतं, ते आई आता मला रोज वाढते.