आवाज इथे संपतो

त्याला सगळे भोंगा म्हणत, कारण तो इतकं हळू बोलायचा की समोरच्याला पुढे वाकावं लागे. शिकवायला लागल्यावर त्याचे भोंगेसर झाले आणि नव्या विद्यार्थ्यांना ते आडनावच वाटू लागलं. त्यानेही कधी कोणाची चूक सुधारली नाही. तेवढी उमेद आता उरली नव्हती.

जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या नाचण्याची सोय केली. आधी स्वतः डीजे होता. गुडघे कुरकुरायला लागले तसं स्टेज सोडलं आणि डीजेंना सिंथेसायझरवर स्वतःचे आवाज तयार करायला शिकवू लागला. क्लास म्हणजे टायरच्या दुकानावरची एक लांबट खोली. खालून रबराचा वास यायचा आणि हवा भरायचा कॉम्प्रेसर धडधडायला लागला की शिकवणं थांबवून सगळ्यांनी एकमेकांची तोंडं बघत बसायचं. शिकवून झालं की घरी यायचं, आणि बाहेरच्या खोलीत हेडफोन न लावता, स्पीकरवर, जुन्या विद्यार्थ्यांसाठी आवाज बनवत बसायचं. हेडफोनने त्याचं डोकं चढायचं.

खरं दुखणं घरी होतं. बायको शिवणकाम करायची. पूर्वी ती आपलं मशीन त्याच्या टेबलाशेजारी आणून बसे आणि याच्या ठेक्यावर तिचं पाऊल मशीनची पायपट्टी दाबत राही. गेल्या वर्षभरात ते बंद झालं. तो वाजवायला बसला की ती अर्धवट कपडा उचलून आतल्या खोलीत जाई आणि दार लावून घेई. आदळआपट नाही, काही नाही. नुसती कडी लागल्याचा आवाज यायचा.

"आत का बसतेस?" त्याने एकदा विचारलं होतं.

"धूळ येते बाहेर," ती म्हणाली.

धूळ तर लग्न झाल्यापासून येत होती. इतक्या वर्षांच्या संसारात माणसाचा कंटाळा येणार, हे त्याला मान्य होतं. त्याला स्वतःचाही आला होता. पण म्हणून कडी लावायची? कडी लागली की तो आवाज थोडा वाढवू लागला. तेवढाच राग त्याला जमायचा.

अशातच क्लासची नवी बॅच सुरू झाली. पाच-सहा जण होते. लग्नाच्या हॉलमध्ये वाजवणारी एक तरुण बाई, दोघे मित्र, आणि जनरेटर भाड्याने देता देता म्हातारपणी डीजे व्हायची हौस आलेला एक गृहस्थ.

"आधी सगळं शून्यावर आणा," भोंगा म्हणाला. "दुसऱ्याने करून ठेवलेले तयार आवाज विसरा. हा ओसिलेटर. आवाज जन्माला येतो तो इथे. हा साधा, गोल आवाज. हा दुसरा, करवतीसारखा, याच्यात सगळं ठासून भरलेलं असतं. आणि हा फिल्टर. भरलेल्यातलं नको ते काढून टाकायचं. जेवढा उघडाल तेवढा आवाज झळझळीत, जेवढा मिटाल तेवढा मऊ."

मग एन्व्हलप. ते समजावायला तो वर्षानुवर्षं दाराचं उदाहरण देत आला होता. "आवाज म्हणजे दार समजा. किती झटकन उघडतं, किती वेळ उघडं राहतं, आणि लागतं ते हळूहळू की..." इथे तो अडखळला. कॉम्प्रेसर सुरू झाला म्हणून बरं, नाहीतर वर्गाला कारण सांगावं लागलं असतं.

पहिल्या दिवसाचा शेवट ठरलेला असे. सगळ्यांनी हात वर करायचे. तो साधा, गोल आवाज वर वर चढवत नेणार. ज्याला ऐकू येईनासा होईल त्याने हात खाली घ्यायचा. जे कोणाच्या कानापर्यंत पोचतच नाही त्याच्यावर डोकं झिजवू नका, एवढंच त्याला सांगायचं असे. जुन्या मशीनच्या बटणाशेजारी बायकोच्या नेलपॉलिशचा एक ठिपका होता. बटण त्या ठिपक्यापर्यंत फिरवायचं की काम झालं. पण ते मशीन दुरुस्तीला गेलं होतं. या मशीनवर ठिपका नव्हता, म्हणून त्याने पाठमोरं उभं राहून, कान देऊन, सावकाश बटण फिरवलं. आवाज शिट्टीसारखा झाला, मग सुईसारखा, मग नाहीसा झाला. त्याने बटणावरचा हात काढला आणि वळला.

"आवाज इथे संपतो," तो म्हणाला.

एक सोडला तर हात सगळे वरच होते.

"संपला. घ्या हात खाली."

"येतोय की अजून, सर," हॉलमधली बाई म्हणाली. तिचा चेहरा आंबट झाला होता.

"मशीन चालू दिसतंय म्हणून तसं वाटतं."

"नाही हो सर. डोक्यात जातोय. बंद करा ना."

फक्त जनरेटरवाल्याचा हात खाली होता. त्याने भोंग्याकडे बघून समजुतीने मान हलवली. आपल्या वयाचं चालायचंच, अशी. ती समजूतच भोंग्याला जास्त लागली. त्याने मशीन बंद केलं. बाकीच्यांचे खांदे सैल झाले. त्याला मात्र काहीच बंद झाल्यासारखं वाटलं नाही.

जिना उतरताना त्याला एकेक आठवत गेलं. मागे एका जुन्या विद्यार्थ्याने त्याचा आवाज परत पाठवला होता. "सर, जरा टोचतंय," म्हणाला होता. "तुझे स्पीकर बदल," भोंग्याने त्याला सुनावलं होतं. वर्षभर त्याला आपले सगळेच आवाज मेल्यासारखे वाटत होते, आणि ते जिवंत करायला तो फिल्टर उघडत सुटला होता. मेलं होतं ते दुसरीकडेच, त्याच्या कानात. आणि हे सगळं जिच्या कानांवर रोज पडत होतं, ती कडी लावून बसत होती.

घरी आला तेव्हा ती एका झग्याला टाचण्या लावत होती. तो चपला न काढताच समोर उभा राहिला.

"दार का लावून घेतेस? धूळ नको सांगूस."

तिने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"टोचतं हो," ती म्हणाली. "तुम्ही वाजवायला लागलात की कानातून आरपार जातं. आधी वाटलं, माझंच काहीतरी बिघडलंय."

"मग सांगायचं ना मला."

"काय सांगायचं? तुम्हाला एवढं एकच तर येतं."

तो खुर्चीवर बसला. चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत म्हणाला,

"मला वाटलं, माझा कंटाळा आलाय तुला."

"तो केव्हाचाच आलाय. त्यासाठी कोणी दार लावतं का?"

मग त्याने क्लासमधलं सगळं सांगितलं. ती हसली नाही. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ या, म्हणाली. जाऊ, तो म्हणाला. गेलेलं परत येत नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याने ते कितीतरी विद्यार्थ्यांना बजावून सांगितलं होतं.

तिला शेजारी बसवून त्याने अर्धवट राहिलेला आवाज लावला. त्याच्या कानाला तो आताशी कुठे बरा वाटत होता. तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

"मी मिटत नेतो. पुरे झालं की सांग."

त्याने फिल्टर मिटायला घेतला. आवाजातली उरलीसुरली झळाळी गेली. तो थांबला.

"अजून," ती म्हणाली.

त्याने अजून मिटला. आता त्याला रजईखाली कोणीतरी धपाटे घालत असल्यासारखं ऐकू येत होतं. असा आवाज एखाद्या विद्यार्थ्याने आणला असता तर त्याने तो पुन्हा नव्याने करायला लावला असता.

"थोडा अजून... हां. बस." तिने डोळे उघडले. "आता कसा घंटेसारखा वाजतोय."

त्याने तो तसाच सेव्ह केला. ती उठली. आता आत जाईल असं त्याला वाटलं. ती शिवणयंत्र ओढत बाहेर घेऊन आली, टेबलाशेजारी लावलं आणि झगा सुईखाली सरकवला. हळूहळू तिचं पाऊल ठेक्यावर पडायला लागलं.

"छान आहे ना?" तिने विचारलं.

"हो," तो म्हणाला, आणि तिच्या पावलाकडे बघत त्याने पुढचा आवाज करायला घेतला.